मदत हवी आहे : स्कायरिमचे स्क्रीनशॉट प्रिंटला फाटतात

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय. धाकट्या भावाच्या वाढदिवसाला त्याच्या स्कायरिम या व्हिडिओ गेममधल्या पात्राचा 12 बाय 18 इंचाचा फोटो फ्रेम करून द्यायचाय. पोरगं तीन वर्षं तेच पात्र जिवापाड जपतंय.

कन्सोलमध्ये (खेळातच आज्ञा टाइप करायची खिडकी) tfc 1 टाकून खेळ गोठवतो, कॅमेरा मोकळा फिरवतो, tm ने पडद्यावरच्या माहितीच्या पट्ट्या घालवतो आणि fov, म्हणजे कॅमेऱ्याला दिसणारा कोन, 40 च्या आसपास ठेवतो. चेहरा ताणल्यासारखा दिसत नाही. इथवर जमलंय. मग स्टीमचं (ज्यावरून खेळ चालवतो ते ॲप) एफ12 दाबून स्क्रीनशॉट.

राजारामपुरीत नमुना प्रिंट काढला तर संध्याकाळच्या आभाळात पट्टेच पट्टे, आणि शिरस्त्राणाखाली डोळे काळेकुट्ट. 1920 पिक्सेल 18 इंचांवर ताणले की इंचाला जेमतेम 107 पडतात, हे कळतंय. पट्टे जेपीजीमुळे येतात का? स्टीममध्ये अनकॉम्प्रेस्ड प्रत ठेवायची सोय चालू केली तर फरक पडेल?

मॉनिटर 1080पीचाच आहे, ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं. डीएसआरने (मॉनिटरपेक्षा जास्त पिक्सेलवर खेळ चालवायची कार्डाची सोय) 4केवर चालवून शॉट घेतलेत का कुणी?

आणि उजेडाचं सांगा. रंकाळ्यावर सूर्य शालिनी पॅलेसमागे कलताना माणसाच्या गालावर जो तांबूस उजेड येतो ना, अगदी तसाच हवाय. खेळातली कुठली वेळ धरू?