अनुभव धागा: लोकसभेचा उमेदवार दारात आला, तर आपल्या भागासाठी पहिले काय मागाल?

टिळकवाडीकर

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत एका उमेदवाराचे पत्रक वाटले गेले. ‘माझे प्राधान्यक्रम’ या मथळ्याखाली अकरा कलमे होती आणि त्यांपैकी सात गटारी, पथदिवे, कचऱ्याच्या गाड्या अशा कामांची होती, जी खरे तर नगरसेवकाकडे मागायची असतात. पत्रक वाचता वाचता मला 1996 सालची लोकसभा निवडणूक आठवली. दहावीची परीक्षा देऊन मी सुट्टीत होतो. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या शेकडो कार्यकर्त्यांनी अर्ज भरले होते आणि बेळगाव मतदारसंघात एकूण 456 उमेदवार उभे राहिले होते. मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका झाली होती. वडील मत देऊन घरी आले तेव्हा आजीने उशीर का झाला म्हणून विचारले, आणि ते म्हणाले, “आपल्या माणसाचे नाव सापडायलाच वेळ लागला, कारण सगळी आपलीच माणसे होती.”

बेळगावचा मराठी भाग महाराष्ट्रात जावा, ही त्या माणसांची मागणी एका वाक्यात मावत होती आणि ती योग्य ठिकाणी केलेली होती. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या 3ऱ्या अनुच्छेदाने संसदेलाच दिलेला आहे. आज अकरा कलमे आहेत, पण खासदाराने संसदेत आणि केंद्राच्या खात्यांत जाऊन नेमके काय करायचे, हे त्यांत सापडत नाही. म्हणून विनंती अशी की, प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला एक अनुभव लिहावा आणि त्यातले कोणते काम खासदाराच्या हातचे आहे, तेही सांगावे. सर्व अनुभवांचे एक पत्र करून मी बेळगाव, चिक्कोडी आणि उत्तर कन्नड या तिन्ही मतदारसंघांतील उमेदवारांना देणार आहे.

शहापूर शिवार

आमचे सव्वा एकर भात बळ्ळारी नाल्याच्या काठी आहे. जुलैमध्ये नाला भरला की पाणी चार-चार दिवस शेतात उभे राहते, जलपर्णी अडकते, पीक कुजते आणि दुबार पेरणी करावी लागते. बियाणे विकत आणायचे, पुन्हा मजूर शोधायचे आणि तेही वाहून गेले तर त्या वर्षी घरच्या तांदळाऐवजी बाजारचा तांदूळ खायचा, हे मी वडिलांच्या काळापासून पाहत आलो आहे. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव या शिवारांतल्या कोणालाही विचारा. बेळगावच्या बासमतीचा वास ज्या मातीतून येतो, ती हीच माती आहे.

नाल्यातला गाळ काढणे खासदाराचे काम नाही, हे मला कळते. परंतु याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास जातो आणि राष्ट्रीय महामार्ग हा केंद्राचा विषय आहे. पिकाऊ जमिनीवर भराव टाकून रस्ता उंच केला की पाण्याची वाट अडते. भरावाखालून पाणी जायला किती मोऱ्या आहेत आणि त्या कोणत्या पावसाचा हिशेब धरून ठरवल्या आहेत, हे शेतकऱ्यांसमोर नकाशा उलगडून सांगायला लावणारा माणूस मला हवा आहे. मोबदल्याची रक्कम दुसऱ्या क्रमांकावर येते.

गर्लगुंजीहून

शहापूरच्या दादांचे दुःख आमचेही आहे. कित्तूरमार्गे बेळगाव-धारवाड हा नवा रेल्वेमार्ग सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना मंजूर झाला. लोंढ्याचा वळसा वाचेल, याचा आनंद आम्हालाही आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की पडीक माळरान जवळ असताना रूळ बागायतीतून का न्यावेत. रेल्वे पूर्णपणे केंद्राची आहे, त्यामुळे या प्रश्नावर कोणत्याही उमेदवाराला “हे माझ्याकडे येत नाही” असे म्हणता येणार नाही.

उमेदवाराची मुलगी

टिळकवाडीकर काका, त्या 456 नावांत माझ्या वडिलांचे नाव होते.

तेव्हा अनामत रक्कम 500 रुपये होती. आमच्या घरी रोख पैसे नसायचे, म्हणून आईने भाताची दोन पोती विकली आणि वडील एकाच जोडी कपड्यात अर्ज भरायला गेले. निवडून यायचे नाही हे त्यांना ठाऊक होते, तरी गावात फिरून त्यांनी एकाही माणसाकडे स्वतःसाठी मत मागितले नाही, याचे मला मोठेपणी आश्चर्य वाटले. अनामत गेली. तिची पावती आजही देव्हाऱ्याच्या खणात आहे. त्याच वर्षी कायदा बदलून अनामत 10,000 रुपये झाली आणि आता ती 25,000 आहे. दोन पोती भात विकून आज कोणालाही लोकसभेला उभे राहता येणार नाही.

माझी मागणी भाषेची आहे आणि ती मी वडिलांच्या वतीने मांडते आहे. 1956 च्या 7व्या घटनादुरुस्तीने 350-अ आणि 350-ब हे अनुच्छेद आले. पहिल्यात मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय सांगितली आहे, दुसऱ्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमायच्या विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि त्या अधिकाऱ्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक किमान 15 टक्के आहेत, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हेही ठरलेले आहे. असे असताना माझी आई स्वतःच्या शेताचा कन्नडमधला पहाणी उतारा हातात धरून शेजारच्या मुलाला “यात काय लिहिले आहे रे?” असे विचारते. मला कन्नड वाचता येते, माझ्या मुलांनाही येते आणि ती भाषा आम्हाला परकी वाटत नाही. पण सत्तरीच्या बाईला तिच्या जमिनीचा कागद तिच्या भाषेत मिळावा, यासाठी त्या अहवालांवर संसदेत उभे राहून प्रश्न विचारणारा खासदार मला पाहायचा आहे.

टिळकवाडीकर

ताई, ती पावती जपून ठेवा. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

उमेदवाराची मुलगी

ते 2011 मध्ये गेले, काका. नमस्कार पोहोचला असे समजते.

निपाणीची लेक

निपाणीचे नाव निघाले की लोक तंबाखूचे आणि 1981 च्या शेतकरी आंदोलनाचे बोलतात. त्या आंदोलनात गोळीबारात शेतकरी मारले गेले आणि ते स्मरण राहायलाच हवे. मला मात्र विड्या वळणाऱ्या बायकांबद्दल लिहायचे आहे, कारण माझी आई त्यांतली एक होती. पाने भिजवायची, कात्रीने कापायची, सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळायचे आणि संध्याकाळी कारखान्यात नेल्यावर त्यातला काही भाग ‘छाट’ म्हणून बाजूला काढला जायचा, ज्याची मजुरी मिळत नसे. तिच्या उजव्या हाताची बोटे शेवटपर्यंत पिवळी होती.

विडी कामगारांसाठी 1976 मध्ये केंद्राने कल्याण निधीचा कायदा केला. विड्यांवर उपकर बसवून त्या पैशांतून दवाखाने, घरे आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. माझी बारावीपर्यंतची पुस्तके त्या शिष्यवृत्तीतून आली. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर रद्द झाला, तेव्हापासून या योजना सरकार अंदाजपत्रकात जेवढे देईल तेवढ्यावर अवलंबून आहेत. निवृत्तिवेतनाचे किमान 1,000 रुपये 2014 पासून तेच आहेत. आईच्या भविष्य निर्वाह निधीच्या कार्डावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, एवढ्या एका कारणाने तिचे पैसे चौदा महिने अडले. एका कार्यालयाच्या पायऱ्यांवर ती माझ्यासोबत सहा वेळा बसली आणि सातव्या वेळी मी एकटीच गेले, कारण तोवर ती अंथरुणाला खिळली होती.

हे सगळे कामगार मंत्रालयाचे, म्हणजे केंद्राचे आहे. चिक्कोडी मतदारसंघात जो उभा राहील, त्याने निवृत्तिवेतनाची किमान रक्कम वाढवण्याचे वचन लेखी द्यावे आणि नावातल्या तफावतीसाठी निपाणीतच शिबिरे लावावीत.

आशा कार्यकर्ती, जांबोटी भाग

निपाणीच्या ताई, वाचून डोळे भरून आले.

आमचा तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव, आणि लोकसभा मतदारसंघ मात्र उत्तर कन्नड. खासदाराला भेटायचे म्हटले तर रामनगर, जोयडा ओलांडून कारवारच्या दिशेने जायचे. किनाऱ्यावरच्या आणि शिरसीकडच्या प्रश्नांच्या गर्दीत आमचे प्रश्न शेवटी येतात. कित्तूरचीही तीच स्थिती आहे.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात भीमगड अभयारण्यातल्या एका गावात एक बाळंतीण तापाने फणफणली होती. दोन बांबूंना घोंगडी बांधून डोली केली आणि आठ माणसांनी आळीपाळीने खांदा देत नऊ किलोमीटर चिखल तुडवला. दोन ओढ्यांना कमरेएवढे पाणी होते. मी पुढे चालत होते आणि मोबाईलला सिग्नल येईल त्या टेकाडाची वाट पाहत होते. रुग्णवाहिका डांबरी रस्त्यावर उभी होती, पण डांबरी रस्ता तिथेच संपत होता. बाई वाचली. बाळ वाचले नाही.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे आणि म्हादईचे पाणी कोणी किती घ्यायचे, यावर गोवा आणि कर्नाटक भांडत आले आहेत. लवादाने 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. आमच्या रानातल्या पाण्याचा हिशेब शंभराव्या हिश्श्यापर्यंत झाला आणि त्याच रानातल्या गावांपर्यंत रस्ता झाला नाही, हे माझ्या मनातून जात नाही. जंगलातल्या रस्त्याला केंद्राची परवानगी लागते, हे आम्हाला दरवेळी सांगितले जाते. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(2) आहे. शाळा, दवाखाना, रस्ता अशा गावाच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. आमच्या ग्रामसभेने ठराव केला आहे. त्या ठरावाची प्रत घेऊन दिल्लीत पाठपुरावा करणारा आणि पावसाळ्यात एकदा तरी आमच्याबरोबर ती वाट चालणारा उमेदवार आम्हाला पाहिजे. ज्या कुटुंबांना स्वखुशीने बाहेर यायचे आहे, त्यांना योग्य पुनर्वसन द्यावे, पण रस्ता न देऊन कोणाला बाहेर काढू नये.

निवृत्त लिपिक, चिक्कोडी

मी अनेक वर्षे खासदार निधीच्या फायली हाताळल्या आहेत, म्हणून थोडे व्यवहाराचे लिहितो. एका खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. पैसे त्याच्या हातात येत नाहीत, कामे जिल्हा प्रशासन करते. मतदारसंघात आठ विधानसभा क्षेत्रे असतात, म्हणजे एकेका क्षेत्राच्या वाट्याला वर्षाला साधारण साडेबासष्ट लाख रुपये येतात. त्यातला 15 टक्के भाग अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के भाग अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो. एवढ्या पैशांत समाजमंदिर, वर्गखोली, बसथांबा होतो, मोठा पूल होत नाही.

उमेदवाराने “तुमच्या गावाला पूल देतो” असे म्हटले, तर कोणत्या योजनेतून, हे तिथल्या तिथे विचारावे. आमच्याकडे एका गावाला तीन निवडणुकांत एकाच पुलाचे आश्वासन मिळाले होते आणि फायलीत त्या पुलाचा साधा अंदाजपत्रकाचा कागदही नव्हता. आशाताईंचा रस्ता या निधीतून होणार नाही, त्याला वनखात्याचा आणि ग्रामीण रस्त्यांचा असा दुहेरी पाठपुरावा लागेल. ठरावाची प्रत मात्र फार मोलाची आहे, ती पत्राला अवश्य जोडावी.

यमगर्णी

2019 आणि 2021, दोन्ही वेळा वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली. दोन्ही वेळा आम्ही ट्रकचालकांना घरून भाकरी नेऊन दिल्या. गावातले बायाबापडे शाळेत, जनावरे माळावर आणि ऊस पाण्याखाली, असे ते दिवस होते. महामार्ग मोकळा झाल्यावर बातम्या थांबल्या, पण आमच्या घरांच्या भिंती पुढचे वर्षभर ओल्या होत्या.

वरच्या अंगाला महाराष्ट्रातले पाटगाव धरण, खालच्या अंगाला कृष्णेवर अलमट्टी. कोणत्या धरणातून कधी आणि किती पाणी सोडायचे, हे दोन राज्यांनी पावसाआधी एकत्र बसून ठरवले पाहिजे आणि त्यांना एकत्र बसवणे हे केंद्राचे काम आहे. माझे प्राधान्य हेच आहे, दुसरे नाही.

खडक गल्ली

सर्वांचे अनुभव वाचले. एक शंका मनात आहे ती मांडतो. रस्ते, पाणी, निवृत्तिवेतन यांची यादी लांबत गेली, तर सीमाप्रश्न मागे पडणार नाही का? 1956 च्या 17 जानेवारीला सीमालढ्यात ज्यांनी प्राण दिले, त्यांच्यापैकी एकाच्या घराशेजारी मी वाढलो आहे.

उमेदवाराची मुलगी

दादा, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा 2004 पासून आहे. तो दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली मुले आता मतदान करत आहेत. वडील शेवटच्या आजारात म्हणाले होते, “निकाल लागेपर्यंत माणसे जगली पाहिजेत ना, पोरी.” सीमाप्रश्न मागे पडू नये म्हणूनच आशाताईंचा रस्ता व्हायला हवा, असे मला वाटते. वाट नसलेले गाव रिकामे झाले, तर उद्या कोणत्या गावासाठी भांडायचे?

खडक गल्ली

पटले, ताई. पत्रात माझे नाव घाला. पहिले कलम सीमाप्रश्नाचे असावे, एवढीच विनंती.

टिळकवाडीकर

पहिले कलम तेच राहील. बाकीची कलमे मतदारसंघांप्रमाणे वेगळी करतो, म्हणजे खानापूरचे पत्र उत्तर कन्नडच्या उमेदवारांना आणि निपाणी-यमगर्णीचे चिक्कोडीच्या उमेदवारांना जाईल. प्रत्येक कलमापुढे केंद्राच्या मंत्रालयाचे नाव आणि उत्तरासाठी मोकळी जागा ठेवतो. पत्र मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही भाषांत काढू या. कन्नड मजकूर तपासायला कोणी मदत करू शकेल का?

निवृत्त लिपिक, चिक्कोडी

मी तपासतो. शनिवारपर्यंत पाठवा.

आशा कार्यकर्ती, जांबोटी भाग

ग्रामसभेच्या ठरावाचा फोटो उद्या पाठवते. आज गावात वीज नाही.