लाँग स्नॅपरचं करिअर: मार्गदर्शन हवं आहे

नमस्कार मंडळी. माझा भाचा टेक्सासमध्ये हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाँग स्नॅपर आहे. पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू हातातून सोडून लांब लाथाडायचा असतो तेव्हा, वाकून दोन पायांमधून चेंडू मागे साधारण १५ यार्डांवरच्या पंटरच्या हातात द्यायचा. फील्ड गोलला, म्हणजे चेंडू लाथेने गोलच्या खांबांमधून मारायचा असतो तेव्हा, हेच अंतर ७-८ यार्ड. सगळे स्नॅप नीट पडले तर कुणी नाव घेत नाही, एक चुकला तर सामना जाऊ शकतो. मला या कामाचं फार मोल वाटतं.

ताईला मात्र यात भविष्य दिसत नाही. मी तिला पॅट्रिक मॅनेली या लाँग स्नॅपरबद्दल सांगितलं: एनएफएल या व्यावसायिक लीगच्या १९९८च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) सहाव्या फेरीत निवड, मग शिकागो बेअर्सकडून १६ हंगाम, २४५ सामने. पण एनएफएलचे संघ ३२, प्रत्येकात बहुधा एकच लाँग स्नॅपर, आणि बहुतेकांना ड्राफ्टमध्ये कुणी घेतच नाही. तिची काळजी खोटी नाही.

कुणाची मुलं तिकडे कॉलेज फुटबॉल खेळतात का? स्नॅपरला पहिल्या वर्षापासून शिष्यवृत्ती मिळते, की आधी वॉक-ऑन म्हणून स्वतःच्या खर्चाने जावं लागतं? प्रशिक्षकांना व्हिडिओ पाठवताना त्यात काय असावं? आणि पोरगा अंगाने बारीक आहे. पाठ न दुखवता वजन कसं वाढवावं?