शुक्रावर आनंदीबाई जोशी? खरं की फॉरवर्ड?

सासवडकरीण: घरच्या ग्रुपवर आलंय की शुक्रावरच्या एका विवराला डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आहे. लेकीला शाळेत त्यांच्यावर बोलायचंय, म्हणून विचारते. खोटं असेल तर आत्ताच थांबवते. आणि ही नावं देतं कोण? माझ्या जावेने पैसे भरून बाळाच्या नावाचा तारा घेतलाय, त्यातलाच प्रकार का?

मिरजेचा दुर्बीणवाला: खरं आहे, बिनधास्त बोलू दे तिला. नेटवर नकाशात शोधताना इंग्रजीत 'जोशी'च्या शेवटी डबल ई टाका, नाहीतर सापडायचं नाही. तीसेक किलोमीटर रुंद आहे.

माझ्या दुर्बिणीतून मात्र शुक्राची नुसती पांढरी कोर दिसते, कारण वर कायम ढग. १९९० पासून मॅगेलन यानाने रडारने नकाशा काढला तेव्हा शेकडो विवरं दिसली, आणि एवढ्यांची बारशी करायची वेळ आली. शुक्रावर नावं बायकांचीच, हे तोवर ठरलेलं होतं. विवर २० किलोमीटरपेक्षा मोठं असेल तर हयात नसलेल्या एखाद्या कर्तबगार बाईचं आडनाव, लहान असेल तर साधं मुलीचं नाव. मोठ्या प्रदेशांना देवींची नावं. आपली लक्ष्मीसुद्धा आहे, एका भल्यामोठ्या पठारावर! त्याच्याच कडेला ११ किलोमीटर उंच मॅक्सवेल पर्वत आहे. लेडीज डब्यात शिरलेला एकटा पुरुष. त्याचं नाव नियमाच्या आधीचं, म्हणून कोणी उतरवला नाही.

नावं पक्की करतो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, १९१९ पासूनचा. तिथे पैसे चालत नाहीत. जाऊबाईंचं सर्टिफिकेट फ्रेम करायला छान, पण एकही खगोलशास्त्रज्ञ त्या ताऱ्याला त्या नावाने ओळखणार नाही.

गिरगावची आत्या: मुलीला अजून दोन नावं सांगा. 'मेधावी' म्हणजे पंडिता रमाबाई. आणि 'झिराड', मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. जेरुशा झिराड. पाच मिनिटांचं भाषण आरामात होईल.

सासवडकरीण: धन्यवाद! लेक आत्ताच वही घेऊन बसली. जावेला कसं सांगू, हाच आता प्रश्न.

मिरजेचा दुर्बीणवाला: काही सांगू नका, उगाच भांडण. बाळाचं नाव काय ठेवलंय? रेवती किंवा भरणी असेल तर संघाच्या यादीत ही दोन्ही नावं आहेत. रेवती मीन राशीत दिसते, तीही फुकटात.