मदत हवी आहे: थार सीआरडीईसाठी खाऱ्या हवेत टिकेल असा सायलेन्सर

गाडी महिंद्रा थार सीआरडीई, २.५ लिटर डिझेल, बीएस-४, सॉफ्ट टॉप. मुक्काम दापोली तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. कंपनीचा सायलेन्सर शिवणीवर सडलाय, मागच्या पाइपचे पापुद्रे सुटताहेत. पावसाळ्यात कातळसड्यावरच्या वाटा आणि गुडघाभर पाण्याचे पऱ्हे, एरवी घर ते बाजार. पर्याय तीन: ४०९ स्टीलचा तयार सेट, फॅब्रिकेटरकडून ३०४ मध्ये बनवून घेणं (दोन्ही स्टेनलेस स्टीलच्याच प्रती), किंवा मागच्या चाकाअलीकडेच बाजूला काढलेला आखूड पाइप. आवाज वाढवायचा नाही. पाइप अडीच इंची घ्यावा की तीन?

उत्तर १

आखूड पाइप नकोच. सॉफ्ट टॉपच्या फटींतून धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय मोटार वाहन नियमांनुसार धूर खाली किंवा डावीकडे सोडता येत नाही. पाइप मागच्या बंपरपर्यंत न्या, पण टोक चेसिसच्या वर उचलून घ्या, म्हणजे उतारावर जांभ्याला घासणार नाही.

तीन इंचीचं काम नाही. १०५ अश्वशक्तीला सव्वादोन पुरतो, फार तर अडीच. जाड पाइप खाली लोंबतो आणि दगडाचा पहिला मार तोच खातो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याला) हात लावू नका, त्याच्या मागचा भागच बदला.

तुमच्या हवेत ३०४ ला जादा पैसे मोजणं रास्त आहे. ४०९ मध्ये क्रोमियम जेमतेम ११ टक्के, ३०४ मध्ये १८ टक्के आणि वर ८ टक्के निकेल. पण ३०४ सुद्धा वेल्डपाशीच हरतं. वेल्डिंग करताना हवा दूर ठेवणारा आर्गॉन वायू फक्त बाहेरून सोडला तर सांध्याची आतली बाजू जळलेल्या साखरेसारखी काळी, खरखरीत होते आणि गंज तिथूनच धरतो. पाइपची टोकं बंद करून आतूनही आर्गॉन सोडायला सांगा. वेल्डिंगचा रॉड ३०८एल, पाइप दीड मिलिमीटर जाड. जुन्या भागाशी जोड फ्लॅंज (पाइपच्या टोकाची सपाट कड) आणि नट-बोल्टनेच द्या, पुढे खोलायला सोपं.

उत्तर २

एक भर. ३०४ तापल्यावर ४०९ पेक्षा बरंच जास्त वाढतं. तापमान ३०० अंशांनी चढलं तर मीटरभर पाइप सुमारे ५ मिलिमीटर लांब होतो. म्हणून पुढे बेलो (पाइपचा लवचिक, घड्यांचा तुकडा) हवाच, आणि पाइप टांगणारे हँगर रबराचेच ठेवा. पाइप चेसिसला घट्ट वेल्ड केला की काही महिन्यांत हँगरच्या मुळाशी चीर पडते.

घर-बाजार फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, आतलं पाणी तसंच राहतं आणि आतून खातं. डब्याच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिलिमीटरचं भोक ठेवा. पऱ्ह्यात टोक बुडालं तरी इंजिन चालू असेतो धूर पाणी बाहेर ढकलतो, पण बंद पडलं की पाणी आत शिरतं. गिअर बदलताना इंजिन बंद पडू शकतं, तेव्हा पाण्यात गिअर बदलू नका.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. ३०४ म्हणून दुसरंच दिलं तर कळणार कसं? लोहचुंबक लावून?

उत्तर १

चुंबक फसवतो. ४०९ ला चिकटतो हे खरं, पण २०२ या स्वस्त स्टेनलेस स्टीललाही तो ३०४ सारखाच चिकटत नाही, आणि बाजारात २०२ च ३०४ म्हणून खपवतात. स्टीलच्या दुकानात तपासणीचं द्रावण आणि छोटी बॅटरी मिळते. थेंब टाकून बॅटरी लावली की २०२ वर मॅंगनीजमुळे तो लाल होतो. पाइप कापण्याआधी दुकानातच तपासा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.