टँकरचा हिशोब (तिसऱ्यांदा विचारतेय)

शुक्रवार, ३ नोव्हेंबर २०२३
ग्रुप: ए-बी विंग ऑफिशियल, घोडबंदर रोड

सावंत काका बी ४०२, ७:१२
सुप्रभात. आज पहाटे न्यूयॉर्कचा निकाल आला. एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवाला सॅम बँकमन-फ्राइड सातही आरोपांत दोषी. महिनाभर खटला चालला आणि ज्युरीला पाच तासही लागले नाहीत. २०२१ च्या गणपतीत आपल्या गच्चीवर जे "मार्गदर्शन" झालं ते ज्यांना आठवतंय त्यांनी बातमी जरूर वाचावी. मी कोणाचं नाव घेत नाही.

नीलेश बी ७०३, ७:३१
काका नाव न घेता माझंच घेतलंत 🙏

पवार मॅडम ए २०१, ७:३३
मे-जूनचा टँकरचा हिशोब ग्रुपवर टाकावा ही विनंती.

मंदार ए ५०४, ७:४०
आडनावात बँक आणि धंदा हा 😂

नीलेश बी ७०३, ७:५२
त्याने चोरी केली म्हणून सगळं क्रिप्टो चोर होत नाही. आणि काका, २०२१ च्या दिवाळीत भाव वर होता तेव्हा पेढे तुम्हीच वाटलेत, तेव्हा मी हुशार पोरगा होतो.

सावंत काका बी ४०२, ८:०५
पेढे वाटले, कारण स्क्रीनवर आकडे हिरवे दिसत होते. रात्री अकरा वाजता जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली माझ्या आधार कार्डाचा फोटो काढून ॲप तूच टाकून दिलंस ना, चार वेळा फोटो हलला म्हणून कार्ड मीटरबॉक्सवर ठेवलं होतंस. हिचे भिशीचे ४० हजार होते त्यात. आता ते ॲप उघडत पण नाही.

सौ. सावंत बी ४०२, ८:०७
अहो घरातलं ग्रुपवर कशाला

गोखले सर ए ३०२, ८:२०
मी ३४ वर्षं बँकेत काढली, म्हणून सांगतो, यात कॉइनचा काही संबंध नाही, प्रकार जुनाच आहे. लोकांनी एक्स्चेंजवर ठेवलेला पैसा त्याने स्वतःच्याच दुसऱ्या कंपनीला, अलमेडाला, वापरू दिला. इतरांच्या खात्यात शिल्लक संपली की व्यवहार थांबायचा, अलमेडाचं खातं मात्र वजा जाऊ शकेल अशी सोय सॉफ्टवेअरमध्येच करून ठेवलेली, हे त्याच्याच भागीदाराने कोर्टात सांगितलं. गेल्या नोव्हेंबरात लोक पैसे काढायला धावले तेव्हा सुमारे ८ अब्ज डॉलर कमी. म्हणजे आपले ६६ हजार कोटी धरा.

मंदार ए ५०४, ८:२४
आणि हा माणूस सगळीकडे हाफ चड्डीत जायचा. त्याला जगाने अब्जावधी दिले आणि आपण वॉचमनची टोपी नव्हती म्हणून दीडशे कापले

चेअरमन साहेब, ८:२६
वॉचमनचा विषय मीटिंगमध्ये झालेला आहे. कृपया ग्रुपवर सोसायटीचेच विषय घ्यावेत.

पवार मॅडम ए २०१, ८:२७
मे-जूनचा टँकरचा हिशोब. (दुसऱ्यांदा)

शिल्पा बी १०१, ८:४०
ती मैत्रीण कॅरोलाइन एलिसन, अलमेडाची सीईओ, तिनेच साक्ष दिली ना त्याच्याविरुद्ध? आणि एक निषाद सिंगपण होता, आपल्याकडचा. जवळचेच उलटले सगळे.

सावंत काका बी ४०२, ८:४४
उलटले नाहीत, खरं बोलले. आपल्याकडे तेवढंही कोणी बोलत नाही.

नीलेश बी ७०३, ८:५१
काका माझे स्वतःचे सव्वा दोन लाख गेलेत, आईला अजून सांगितलेलं नाही. वर ३० टक्के टॅक्स, १ टक्का टीडीएस, आणि एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा पण करता येत नाही. मी कमिशन खाल्लं असेल तर दाखवा.

नीलेश बी ७०३, ८:५१
आई या ग्रुपवर नाहीये ना?

मंदार ए ५०४, ८:५२
आहे रे

गोखले सर ए ३०२, ९:१०
गंमत पुढे आहे. कंपनी बुडाल्यावर निस्तरायला जॉन रे आला, एनरॉन बुडाल्यावर तिथलं निस्तरणारा.

देसाई आजोबा ए १०३, ९:१२
एनरॉन म्हणजे आपली दाभोळवाली?

गोखले सर ए ३०२, ९:१५
तीच. त्या रे यांनी कोर्टाला लिहून दिलं की इथे खर्चाची मागणी चॅटवर टाकायची आणि साहेब इमोजी टाकून मंजूर करायचे. एवढी मोठी कंपनी आणि व्हाउचर म्हणून इमोजी!

पवार मॅडम ए २०१, ९:१६
सर तुम्ही देवासारखे बोललात. २८ मे, याच ग्रुपवर टँकरवाल्याचं बिल पडलं, खजिनदारांनी खाली 👍 टाकला, पैसे गेले. किती टँकर आले ते कोणी मोजले? गेटवरची वही कोरी आहे, मी बघून आले. मे-जूनचा हिशोब ग्रुपवर टाकावा. (तिसऱ्यांदा)

चेअरमन साहेब, ९:२०
मॅडम, तुलना योग्य वाटत नाही. कमिटी विनामूल्य काम करते.

सावंत काका बी ४०२, ९:२२
मॅडमचा मुद्दा रास्त आहे. आणि नीलेश, सव्वा दोन लाखांचं मला माहीत नव्हतं रे.

शिल्पा बी १०१, ९:२५
शिक्षा किती होणार पण?

गोखले सर ए ३०२, ९:२७
२८ मार्चला सुनावतील. कायद्याने जास्तीत जास्त ११० वर्षं. वय ३१.

देसाई आजोबा ए १०३, ९:३०
बी विंगची लिफ्ट तोवर चालू होईल का?

पवार मॅडम ए २०१, ९:३१
खजिनदार साहेब, निळ्या टिका दिसतायत. आज संध्याकाळपर्यंत हिशोब मिळेल का?

खजिनदार बी ६०१, ९:४८
👍