पिट्सबर्गमध्ये रात्री करण्यासारखं काही नाही, हे मला अजिबात पटत नाही

रात्रीचा_पुणेकर:
दर ऑगस्टला नवीन मुलं येतात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सिनियर त्यांना सांगतो की पिट्सबर्ग म्हणजे अभ्यास, थंडी आणि दहाला झोप, नाइटलाइफ पाहिजे तर न्यूयॉर्कला जा. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. चार वर्षं झाली मला इथे, गाडी नाही, दारू पीत नाही, आणि तरी या गावाच्या रात्री मला पुण्यापेक्षा जास्त आठवतील.

तीनेक लाखांचं शहर आहे, त्यामुळे सगळं हाताशी आहे. शुक्रवारी चित्रकार अँडी वॉरहॉलचं म्युझियम रात्री दहापर्यंत उघडं असतं, तिथून बाहेर पडलं की समोरच पिवळा पूल, तो चालत ओलांडला की डाउनटाउन, नाटकं-ऑर्केस्ट्रा सगळं तिथेच. लॉरेन्सव्हिलला बटलर स्ट्रीटवर छोटं थिएटर आहे, रो हाउस, जुने सिनेमे लावतात. मिलव्हेलला तर जुन्या चर्चमध्ये बँड वाजतात, मिस्टर स्मॉल्स नाव, छत इतकं उंच की ड्रमचा आवाज छातीत बसतो. आणि काहीच नको असेल तर ड्युकेन इन्क्लाइन, १८७७ पासून रुळांवरून डोंगरावर चढतोय तो डबा, वर जाऊन तीन नद्यांचा संगम आणि खाली सगळे पूल उजळलेले बघायचे. थंडीतसुद्धा मी तिथे अर्धा तास उभा राहिलोय.

गाडी_नाही_बाबा:
लिहायला छान आहे, पण परत कसं यायचं ते लिहिलंच नाहीस. मिलव्हेलमधला शो साडेअकराला संपला की तू नदीच्या त्या बाजूला आणि घर ओकलंडला, विद्यापीठांच्या भागात. मध्यरात्रीनंतर बस इतकी विरळ होते की एक चुकली तर उणे दहात स्टॉपवर उभं राहायचं, नाहीतर टॅक्सीला तिकिटाएवढे पैसे घालायचे. २०२५ मध्ये तर पैसे नाहीत म्हणून रात्री ११ नंतरची सगळी सेवाच बंद करायचा प्रस्ताव होता, टळला तो, पण म्हणजे किती कच्च्या दोरीवर चाललंय बघ. ज्या शहरात रात्री घरी पोचायची खात्री नाही तिथे नाइटलाइफ आहे असं मी म्हणणार नाही.

आणि धूर! पेनसिल्व्हेनियात २००८ च्या कायद्यात पळवाट आहे, ज्या बारची खाण्याची विक्री २० टक्क्यांपेक्षा जास्त नाही तिथे अजून आत सिगरेट ओढता येते. एकदा गेलो होतो, जॅकेटचा वास आठवडाभर गेला नाही.

रात्रीचा_पुणेकर:
बसचं तुझं खरं आहे, मान्य. म्हणून तर मी ११ नंतरची बस राहावी म्हणून सहीही केली आणि सुनावणीलाही गेलो होतो. पण बस कमी आहे म्हणून रात्रच नाही असं कसं होईल? उलट आपण कुणी बाहेर पडलोच नाही तर बस आणखी कमी होतील.

कोथरूडची_मुलगी:
दोघंही मुलगे बोलताय म्हणून मी बोलते. मला साउथ साइड आवडतं, ईस्ट कार्सन स्ट्रीटवर एका रांगेत इतके बार आणि लाइव्ह म्युझिक दुसरीकडे कुठे नाही. पण बारा आणि दोन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोनला कायद्याने बार बंद होतात, सगळे एकदम रस्त्यावर येतात, आणि त्या वेळी तिथे मारामारी, गोळीबारसुद्धा झालेत. मी साडेबाराला निघते, मैत्रीण सोबत असल्याशिवाय जात नाही. ही माझी हौस नाहीये, नाइलाज आहे, आणि नवीन मुलींना फक्त पुलांचे दिवे सांगून पाठवू नका प्लीज. अजून एक, वय दाखवायला पासपोर्ट घेऊन फिरू नका, आधी स्टेट आयडी काढून घ्या, हरवला तर वाट लागते.

पंचवीस_वर्षं_इथेच:
मुलांनो, थोडं स्पष्ट बोलतो. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर इथे नुसता दंड होत नाही, नुसत्या अटकेवरून, कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच, व्हिसा रद्द होऊ शकतो. आईवडिलांनी कर्ज काढून पाठवलेलं असतं. आमची नाइटलाइफ म्हणजे शनिवारी कुणाच्या तरी घरी, सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायचा, पत्ते, गाणी, रात्री एक वाजता चहा. त्यात काय कमी आहे?

रात्रीचा_पुणेकर:
काका, काही कमी नाही, आणि व्हिसाचं तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक नव्या मुलाला वाचायला द्यायला पाहिजे. पण तिथे आपल्याला आपलीच माणसं भेटतात. मला हे गाव कळलं ते साउथ साइडच्या एका साध्या बारमध्ये, मी सोडा घेऊन बसलो होतो आणि शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. जोन्स अँड लॉफलिनची स्टीलची मिल होती ना तिथे नदीकाठी, त्यात त्यांची रात्रपाळी असायची. म्हणाले सकाळी सातला सुटी झाली की बार उघडे असायचे, एक छोटी व्हिस्की आणि वर बिअर, मग घरी जाऊन झोप. त्यांच्या लहानपणी धुरामुळे भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावायला लागायचे. ज्या गावात दिवस असा रात्रीसारखा होता आणि रात्रपाळीवाल्यांची संध्याकाळ सकाळी सातला व्हायची, तिथे कुणी मला दहाला झोप म्हटलं तर मी कसं ऐकून घेऊ? स्ट्रिप या बाजाराच्या भागातलं प्रिमँटी हे सँडविचचं दुकानसुद्धा १९३३ ला रात्री माल आणणाऱ्या ट्रकवाल्यांसाठीच सुरू झालं, सँडविचच्या आतच फ्राइज आणि कोबी, एका हातात धरून खाता यावं म्हणून. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला वडापाव आठवला.

गाडी_नाही_बाबा:
गोष्ट आवडली. पण ती मिल ऐंशीच्या दशकात बंद झाली, आणि तुझे ते आजोबासुद्धा बहुतेक आता संध्याकाळी सहालाच येत असतील बारमध्ये. माझं मत तेच आहे.

कोथरूडची_मुलगी:
या शुक्रवारी वॉरहॉल, मग पूल, मग डाउनटाउन, कोण कोण येतंय? साडेसातला दारात. मी साडेबाराच्या आत निघणार, ज्यांना ओकलंडला जायचंय त्यांनी माझ्याबरोबरच निघायचं.

पंचवीस_वर्षं_इथेच:
बस नाही मिळाली तर मला फोन करा, मी जागाच असतो.