पुण्याजवळच्या गावात भाड्याने राहताना: तुमचे अनुभव

नोकरी पुण्यात आणि बिऱ्हाड गावात, असं राहणाऱ्यांसाठी हा धागा. मोठ्या गृहप्रकल्पांतले फ्लॅट इथे नकोत. गावठाणातली खोली, मळ्यातलं घर, मालकाच्या घराला लागून काढलेल्या दोन खोल्या, यांबद्दल लिहा. घर कसं मिळालं, पाण्याचं काय, जाण्यायेण्याची सोय कशी, गावाने कसं वागवलं. सविस्तर लिहिलंत तर घर शोधणाऱ्याच्या फार कामी येईल. सुरुवात मी करते.

डोणजे

सिंहगडाच्या पायथ्याशी आम्ही नवरा-बायको आणि सासूबाई राहतो. एजंटकडे खेटे घालून घर मिळालं नाही, ते दूध डेअरीवर मिळालं. कोणाची खोली रिकामी आहे हे डेअरी, किराणा दुकान आणि पिठाची गिरणी इथे पक्कं कळतं. मालक म्हणजे म्हातारं जोडपं, मुलगा शहरात. आम्ही त्यांना आप्पा आणि आजी म्हणतो.

पाणी सकाळी येतं, पण वीज गेली की वेळ चुकते. नळ आला की आजी अंगणातूनच हाक मारतात, "सूनबाई, पाणी आलंय गं!" आधी प्यायचं पाणी फडक्यातून गाळून कळशीत, मग पिंप, आणि सगळ्यात शेवटी धुण्याच्या बादल्या, हा क्रम त्यांनीच लावून दिला. शेवटी शेवटी धार करंगळीएवढी होते, तेव्हा पाइप लावून उपयोग नसतो. मागच्या टेकाडावर चढलं की खडकवासल्याचं पाणी पसरलेलं दिसतं, आणि मे महिन्यात आम्ही टँकर मागवतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून घर बघायचं तर एप्रिल-मेमध्ये बघा, आणि मालकाला नाही, शेजारच्या बाईला विचारा पाणी किती वेळ येतं ते.

शनिवार-रविवार गडावर जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. किराणा, सिलिंडर, दवाखाना, सगळं शुक्रवारपर्यंत उरकायचं.

उरुळी कांचन

डेअरीवर घर मिळतं हे खरं. पण डेअरीवर आधी आडनाव विचारतात, हेही लिहायला हवं. आम्ही बौद्ध. हवेली तालुक्यात फिरत होतो तेव्हा सकाळी रिकामी असलेली खोली आडनाव सांगितल्यावर संध्याकाळी "भाचा राहायला येणार आहे" म्हणून गेली. कोणी वाईट बोललं नाही, चहासुद्धा दिला. बायको मात्र त्या दिवशी रस्त्याने एक शब्द बोलली नाही.

इथे गांधीजींनी 1946 साली सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे आणि बाजारपेठ मोठी, त्यामुळे बाहेरची माणसं गावाला नवी नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी घर दिलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ड्यूटी रात्रीची आहे का? मी दहाला फाटक लावते." किल्ली मात्र पहिल्याच दिवशी दिली. दौंड-पुणे गाडी सोयीची आहे. ज्यांना असाच अनुभव येत असेल त्यांनी स्टेशन असलेल्या मोठ्या गावांत आधी शोधावं, असं मला वाटतं. तिथे प्रत्येक घर एकाच भावकीचं नसतं.

लोणी काळभोर

एकच सांगतो. तुकोबांची पालखी पुण्यातून निघाली की पहिला मुक्काम आमच्या गावात. त्या रात्री घर आपलं राहत नाही. मालकांनी पहिल्याच वर्षी हक्काने सांगितलं, "तुमच्या ओट्यावर आणि पुढच्या खोलीत माळकरी झोपतील." घरोघरी पिठलं-भाकरी होते, आमच्याही गॅसवर पिठलं रटरटत होतं आणि मालकीणबाई शेजारी बसून भाकरी थापत होत्या. भाडेकरू असलो तरी गावाने कामाला लावलं, आणि त्यानंतर दुकानात, बँकेत लोक नावाने ओळखायला लागले.

पौडजवळ, मुळशी

कौलारू घराच्या प्रेमात पडून येणाऱ्यांनी एक पावसाळा डोळ्यांपुढे आणावा. जुलैत कपडे वाळत नाहीत, गाद्यांना कुबट वास येतो, पाऊस धरला की वीज जाते. घरून काम करायचं तर इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांचं नेट लागतंच. पावसाआधी कौलं कोण चाळणार आणि पैसे कोण देणार, हे बोलून घ्या. सापही निघतात. सर्पमित्राचा नंबर जवळ ठेवा, काठी उचलू नका. चांदणी चौकाचा नवा पूल 2023 मध्ये सुरू झाल्यापासून तिथला जुना त्रास कमी झाला, पण पिरंगुटला कंपन्यांच्या सुटीच्या वेळी अडकायला होतंच. एवढं असून आम्ही इथेच आहोत. भातलावणीच्या दिवसांत समोरची खाचरं भरतात, आणि नव्या इंद्रायणीचा भात शिजला की वास अंगणापर्यंत येतो.

वडकी

मी घरमालकीण आहे, चालेल ना लिहिलेलं? दिवे घाटाच्या पायथ्याला आमच्या चार खोल्या भाड्याने आहेत. लोक म्हणतात, गावात कशाला हवाय करार, शब्दावर चालतं. माझ्या दिरांना तेच भोवलं. भाडेकरूने अनामत वीस हजार दिली होती का तीस, यावरून पोलिसांपर्यंत गेलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात, तो खोटा आहे हे मालकाने सिद्ध करायचं. आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या नोंदणी होते. आपलं गाव कोणत्या हद्दीत आहे ते आधी बघा. 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत गेली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 मध्येच गेली होती, ती नंतर बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. घरपट्टी, कचरा, पाणी, कुठे तक्रार करायची ते सगळं यावर ठरतं. आणि वीजमीटर वेगळा मागून घ्या. एका मीटरवर दोन बिऱ्हाडं म्हटली की भांडण ठेवलेलंच.

कान्हे

लोकलने शिवाजीनगरला जाते. सकाळ-संध्याकाळ ठीक, पण दुपारी लोणावळा लोकलला मोठा खंड असतो, अर्धा दिवस रजा काढली तर वडगावपर्यंत हायवेने यावं लागतं. मी एकटी राहते. घर देताना मालकांनी आईशी फोनवर बोलायला मागितलं, ते मला आवडलं नाही, पण आता रात्रीची लोकल रखडली की मालकांच्या सूनबाई दिवा घेऊन स्टेशनपर्यंत येतात. वडकीच्या काकूंनी वीजमीटरचं लिहिलंय, तेवढं आमच्याकडे राहिलंय. करार नवा करताना या महिन्यात तोच विषय काढणार आहे.